विक्रीपूर्वी हॉलची मांडणी : जागा दाखवावी, दोष झाकू नये

मुंबई : राहते घर विकायला काढले की विक्रेत्याचे लक्ष दर, दलाली आणि कागदपत्रे यांकडे लागते. घर पाहायला आलेल्या कुटुंबाची नजर मात्र प्रथम हॉलवर पडते. बहुतेक सदनिकांत मुख्य दार थेट हॉलमध्ये उघडते आणि स्वयंपाकघर, शयनगृहे व बाल्कनी यांकडे जाणारी वाटही तेथूनच निघते. घर मोठे की लहान, उजेडाचे की अंधारे, राखलेले की दुर्लक्षित, याविषयीचे पहिले मत त्यामुळे उंबरठ्यावरच बनते. पुढच्या खोल्या पाहताना आणि नंतर दराची बोलणी करताना ते मत सोबत राहते.

याच कारणाने विक्रीपूर्वी घराची, विशेषतः हॉलची, विचारपूर्वक मांडणी करण्याची पद्धत भारतातील मोठ्या शहरांत आता परिचित होऊ लागली आहे. इंग्रजीत तिला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. मराठीत तिला घराचे नेपथ्य म्हणता येईल. त्यासाठी मोठा खर्च लागतो, हा समज पूर्णतः बरोबर नाही. या कामाचा बहुतेक भाग नव्या वस्तू आणण्याचा नसून असलेल्या वस्तू हलवण्याचा आणि कमी करण्याचा असतो. मात्र जागा खुलवून दाखवणे वेगळे आणि दोष झाकणे वेगळे. हा फरक केवळ नीतीचा नाही. कायद्यानेही त्याची नोंद घेतली आहे.

कल्पनेचा उगम

या पद्धतीच्या प्रवर्तक म्हणून अमेरिकेतील बार्ब श्वार्ट्झ यांचे नाव घेतले जाते. १९७२ च्या सुमारास सिएटल परिसरात घरविक्रीच्या व्यवसायात असताना त्यांनी रंगमंचाची कल्पना घराला लावली. नाटकात मोजक्या वस्तूंमधून प्रसंग उभा राहतो. त्याच रीतीने मोजक्या वस्तूंमधून खोलीचा उपयोग पाहणाऱ्याच्या मनात उभा राहावा, अशी ही धारणा आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही संघटना या विषयावर पाहण्या प्रसिद्ध करते. खरेदीदारांच्या दृष्टीने मांडणीसाठी सर्वांत महत्त्वाची खोली बैठकीची, असे त्या पाहण्यांमध्ये आढळून आले आहे.

भारतीय ग्राहकाला या कल्पनेचा परिचय झाला तो बांधकाम व्यावसायिकांच्या नमुना सदनिकांतून. परंतु नमुना सदनिकेत कोणी राहत नसते. पुनर्विक्रीचे घर मात्र बहुधा भरलेले असते. तेथे मुलांच्या परीक्षा, आजीची दुपारची झोप आणि धुतलेले कपडे वाळवणे चालू असतानाच ग्राहकांना घर दाखवावे लागते. त्यामुळे परदेशी मासिकातील मांडणी जशीच्या तशी येथे उपयोगी पडत नाही.

वेळ आणि पैसा

मध्यमवर्गीय कुटुंबासाठी जुन्या घराची किंमत हाच अनेकदा नव्या घराचा पाया असतो. विक्री लांबली की नव्या घराचा कर्जहप्ता आणि जुन्या घराचा देखभाल खर्च असा दुहेरी भार पडतो. आयकरातही वेळेचे बंधन आहे. घराच्या विक्रीतून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर सवलत हवी असेल, तर दुसरे घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी केलेले असावे लागते; बांधायचे असल्यास तीन वर्षांची मुदत असते. ज्याने नवे घर आधी घेतले, त्याला जुने घर वर्षभरात विकले न गेल्यास ही सवलत गमवावी लागू शकते.

शिवाय फार काळ विक्रीस राहिलेल्या घराविषयी ग्राहकांच्या मनात शंका निर्माण होते. ‘इतके दिवस का गेले नाही?’ हा प्रश्न बोलणीत दर खाली आणतो. घराचा परिसर, मजला, इमारतीचे वय आणि वाहनतळ यांपैकी काहीही विक्रेत्याला बदलता येत नाही. हॉलची मांडणी मात्र दोन रविवारांत बदलता येते. तिने घराची मूळ किंमत वाढतेच असे नाही. पण अडगळीमुळे जी किंमत कमी लेखली जाते, ती राखता येते.

पहिली पायरी : वस्तू कमी करणे

आपल्याकडील हॉल ही केवळ पाहुण्यांना बसवण्याची खोली नसते. तेथेच जेवण होते, मुले अभ्यास करतात, रात्री गाद्या घातल्या जातात. लहान घरांत फ्रीज आणि देवघरही तेथेच असते. प्रत्येक उपयोगासाठी एकेक वस्तू येते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. राहणाऱ्यांना तिची सवय होते. नव्याने येणाऱ्याला मात्र खोली दिसण्याआधी वस्तू दिसतात.

म्हणून प्रथम हॉलचे दोनच उपयोग ठरवावेत : बसणे, आणि जागा असल्यास जेवणे किंवा अभ्यास. त्यांच्याशी संबंध नसलेल्या वस्तू बाहेर काढाव्यात. जास्तीच्या खुर्च्या, बंद पडलेली व्यायामाची सायकल, कपडे वाळवण्याचे स्टँड, दुसरे शोकेस, दाराशी साचलेली पादत्राणे, कपाटावर रचलेली खोकी ही त्यांची नेहमीची उदाहरणे. दिवाण रात्रीच्या झोपेसाठी आवश्यक असेल तर तो ठेवून सोफ्याच्या एकेरी खुर्च्या काढाव्यात. दोन्ही ठेवल्यास बसण्याची जागा वाढते, पण चालण्याची संपते.

काढलेल्या वस्तू बाल्कनीत किंवा शयनगृहात कोंबल्यास हेतू साधत नाही. ग्राहक बाल्कनीचे दार उघडतो, कपाटेही उघडून पाहतो. पोटमाळा खचाखच भरलेला दिसला, तर घरात साठवणीची सोय अपुरी आहे असा निष्कर्ष निघतो. शक्य असल्यास वस्तू नातेवाइकांकडे हलवाव्यात, अन्यथा ज्या नव्या घरी न्यायच्याच नाहीत त्या आधीच निकाली काढाव्यात. घर बदलताना हे काम टळत नाही. ते विक्रीपूर्वी केले तर त्याचा लाभ मिळतो.

कौटुंबिक छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि चषक यांबाबतही हाच विचार लागू होतो. पाहणाऱ्याने आपल्या कुटुंबाची कल्पना त्या खोलीत करावी, हा उद्देश असतो. भिंतभर दुसऱ्यांचे चेहरे असतील तर ते कठीण जाते. एखाद-दुसरे चित्र पुरेसे असते. देवघर मात्र हलवण्याची गरज नसते. ते स्वच्छ असावे आणि काजळीने काळवंडलेली मागची भिंत पुसून किंवा रंगवून घ्यावी.

फुटांचे गणित

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या मुख्य खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावे लागते. जुन्या, लहान सदनिकांतील हॉल याहून फार मोठे नसतात. अशा खोलीत प्रत्येक फूट मोजून वापरावा लागतो.

उदाहरणादाखल १० फूट रुंद आणि १५ फूट लांब हॉल घेता येईल. लांबीच्या भिंतीला ३ फूट खोलीचा भारदस्त सोफा आणि समोरच्या भिंतीला दीड फूट खोलीचे टीव्ही युनिट ठेवले, तर रुंदीपैकी साडेचार फूट तेथेच संपतात. उरलेल्या साडेपाच फुटांत सोफ्यापासून दीड फुटावर २ फूट रुंदीचा टीपॉय ठेवला की चालायला केवळ २ फूट वाट उरते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला थांबावे लागते. घर पाहायला येणाऱ्यांत मात्र पती-पत्नी, आईवडील आणि दलाल असे चार-पाच जण सहज असतात.

याच हॉलमध्ये अडीच फूट खोलीचा सडपातळ सोफा ठेवला, टीव्ही भिंतीवर टांगून खाली एक फुटाची फळी ठेवली आणि टीपॉय दीड फूट रुंदीचा घेतला, तर वाट साडेतीन फूट होते. भिंती तेथेच असतात, क्षेत्रफळही तेच. पण खोलीतून जाताना कोणाला अंग चोरावे लागत नाही. सोफा आणि टीपॉय यांत सुमारे दीड फूट, आणि मुख्य वाटेसाठी अडीच ते तीन फूट, एवढी दोन मापे लक्षात ठेवली तरी बरेच काम होते.

नवा सोफा घेणे शक्य नसल्यास टीपॉय काढून त्याऐवजी सोफ्याच्या बाजूला लहान स्टूल ठेवावे. तेवढ्यानेही मधली जागा मोकळी होते.

दारातून दिसणारी रेषा

मांडणी ठरवण्याची जागा सोफा नव्हे, तर मुख्य दार आहे. दारात उभे राहून पाहिले असता नजर कोठे जाते आणि कशाला अडते, हे आधी तपासावे. बहुतेक हॉलमध्ये दारासमोर किंवा तिरकस रेषेत खिडकी अथवा बाल्कनी असते. तीच त्या खोलीची जमेची बाजू असते. दार ते खिडकी या रेषेत उंच पाठीचा सोफा, फ्रीज किंवा शोकेस आले की खोली अर्ध्यावर संपल्यासारखी वाटते. उंच वस्तू दाराच्या बाजूच्या भिंतीला आणि बुटक्या वस्तू खिडकीच्या बाजूला, असा क्रम ठेवल्यास नजर शेवटपर्यंत पोहोचते.

मोठ्या हॉलमध्ये उलट चूक होते. सर्व फर्निचर भिंतींना चिकटवल्याने मध्ये मैदान उरते आणि समोरासमोर बसलेल्यांना मोठ्याने बोलावे लागते. तेथे सोफा आणि खुर्च्या थोड्या आत ओढून, त्यांचे पुढचे पाय एका गालिच्यावर येतील अशा रीतीने बैठक बांधावी. जेवणाचे टेबल त्याच खोलीत असेल, तर बैठक आणि टेबल यांच्यामध्ये वाट ठेवावी, म्हणजे एकाच खोलीचे दोन भाग स्पष्ट होतात.

उजेड, हवा आणि वास

घर कोणत्या वेळी दाखवावे, हाही मांडणीचाच भाग आहे. पूर्वेकडे खिडक्या असलेला हॉल सकाळी, तर पश्चिमेकडचा दुपारच्या उन्हाआधी अथवा सूर्य कलल्यावर चांगला दिसतो. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर सौम्य असतो. दिल्ली आणि उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात दक्षिणेचे ऊन घरात येणे हा गुण मानला जातो, तर उष्ण प्रदेशांत उन्हाळ्याच्या दुपारी घर थंड राहते का, हे ग्राहक पाहतो. कार्यालयातून सुटल्यावर रात्री घर पाहणाऱ्यांची संख्याही मोठी असते. त्यांच्यासाठी दिव्यांची तयारी आवश्यक ठरते.

दिव्यांच्या बाबतीत नेहमी आढळणारी चूक म्हणजे एकाच खोलीत पिवळा, पांढरा आणि निळसर असा तिन्ही रंगांचा प्रकाश. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजला जातो आणि तो खोक्यावर छापलेला असतो. सुमारे ३,००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४,००० चा मध्यम आणि ६,५०० चा शुभ्र-निळसर असतो. हॉलमधील सर्व दिवे एकाच रंगाचे असावेत. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी रुंद असली, की उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जातो आणि खिडकी पूर्ण दिसते. काचा आणि जाळ्या धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वासाकडे राहणाऱ्यांचे लक्ष जात नाही, कारण त्यांना त्याची सवय झालेली असते. फोडणी, डांबरगोळ्या, पाळीव प्राणी आणि दमट कपडे यांचा वास पाहुण्याला दारातच जाणवतो. त्यावर उग्र उदबत्ती किंवा सुगंधी फवारा हा उपाय नव्हे. त्याने काहीतरी लपवले जात असल्याचा संशय येतो. तासभर आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणे पुरेसे असते.

घर दाखवताना टीव्ही बंद असावा आणि घरातील एकाच व्यक्तीने सोबत फिरावे. आपल्याकडे पाहुण्याला बसवून चहा देण्याची रीत आहे. परंतु संपूर्ण कुटुंब सोफ्यावर बसून पाहत असेल, तर ग्राहकाला कपाट उघडण्याचा किंवा नळ सोडून पाहण्याचा संकोच वाटतो. अशा वेळी तो लवकर निघतो आणि बहुधा परत येत नाही.

रिकामे घर आणि छायाचित्रे

रिकामा हॉल मोठा दिसेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात तुलनेसाठी काहीच नसल्याने आकाराचा अंदाज येत नाही आणि भिंतीवरील खिळ्यांची भोके, जुन्या फ्रीजमागचा डाग यांवरच लक्ष जाते. अशा घरात एक सोफा, एक लहान टेबल, एक दिवा आणि पडदे एवढे ठेवले तरी खोलीचे माप कळते. मोठ्या शहरांत फर्निचर मासिक भाड्याने मिळते. तो पर्याय येथे सोयीचा ठरतो.

हल्ली ग्राहक प्रथम संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहतो. ती दिवसा, पडदे उघडून, खोलीच्या कोपऱ्यातून आणि छातीच्या उंचीवरून काढावीत. अतिरुंद भिंगाने काढलेल्या छायाचित्रात दहा फुटांचा हॉल वीस फुटांचा भासतो. पण ग्राहक प्रत्यक्ष आल्यावर निराशाच पदरी पडते. संगणकावर फर्निचर ‘ठेवून’ चित्रे तयार केली असतील, तर तसे चित्राखाली नमूद करणे योग्य ठरते.

घरासोबत काय जाणार?

सजवलेल्या हॉलमधून एक वेगळाच वाद उद्भवतो. ग्राहकाने पाहिलेले झुंबर, वातानुकूलन यंत्र किंवा भिंतीत बसवलेले टीव्ही युनिट ताबा घेताना जागेवर नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८ नुसार घर हस्तांतरित होताना, वेगळा इरादा व्यक्त केलेला नसल्यास, कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घरासोबत कायमस्वरूपी वापरासाठी पुरवलेल्या इतर वस्तूही हस्तांतरित होतात. सुटा सोफा यात येत नाही. पण भिंतीत जखडलेल्या वस्तूंबाबत मतभेद होऊ शकतात. जी वस्तू न्यायची आहे ती घर दाखवण्यापूर्वीच काढावी, अथवा सोबत जाणाऱ्या वस्तूंची यादी करारनाम्याला जोडावी.

मांडणीची मर्यादा

पावसाळ्यानंतर भिंतीवर ओल उतरते, रंगाचे पोपडे निघतात आणि त्यावर घाईने पुट्टी लावून रंग दिला जातो. कधी तडा गेलेल्या फरशीवर गालिचा, तर ओल्या कोपऱ्यासमोर कपाट येते. येथे मांडणी संपते आणि लपवाछपवी सुरू होते.

याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, मालमत्तेतील किंवा तिच्या मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे हे कपट समजले जाते, असेही त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या दोषाची जबाबदारी खरेदीदारावर येऊ शकते. परंतु तोच दोष मुद्दाम फर्निचरमागे दडवला, तर तो ‘सहज दिसणारा होता’ असा बचाव करणे विक्रेत्याला अवघड जाते.

व्यवहाराच्या दृष्टीनेही प्रामाणिकपणा स्वस्त पडतो. ओलीचे कारण वरच्या मजल्यावरील स्नानगृह, बाहेरील भिंतीचा तडा किंवा गळकी नळवाहिनी यांपैकी काय आहे, हे शोधून आधी ते दुरुस्त करावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. दुरुस्तीची पावती जपून ग्राहकाला दाखवावी. दुरुस्ती शक्य नसेल तर दोष सांगून त्याप्रमाणे दर ठरवावा. इसार घेतल्यानंतर उघड झालेला दोष दर तर पाडतोच, अनेकदा व्यवहारही मोडतो.

खरेदीदाराने काय पाहावे?

मांडणीची ही तंत्रे खरेदीदारालाही ठाऊक असणे हिताचे आहे. घर पाहायला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी आणि आपल्याकडील सोफा, पलंग व फ्रीज यांची मापे लिहून ठेवावीत. मोठ्या वस्तूंच्या मागची भिंत, पडद्यामागचा कोपरा आणि गालिच्याखालची फरशी पाहण्याची परवानगी मागावी. प्रामाणिक विक्रेता ती नाकारत नाही. एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर कारण विचारावे. शक्य असल्यास तेच घर दिवसा आणि रात्री असे दोनदा पाहावे.

नमुना सदनिकेत अधिक सावध राहावे. भारतात प्रचलित मोठ्या पलंगांच्या गाद्या साधारणतः ५ किंवा ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतात. नमुन्यातील पलंग त्याहून आखूड असेल, मधल्या भिंतींच्या जागी काच असेल किंवा आतील दारेच बसवलेली नसतील, तर खोली प्रत्यक्षाहून मोठी भासते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ म्हणजे ‘रेरा’ कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून रक्कम भरल्याने नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई देणे बंधनकारक आहे. ही तरतूद प्रवर्तकांना लागू होते. दोन व्यक्तींमधील पुनर्विक्रीत वर सांगितलेल्या कलम ५५ चाच आधार घ्यावा लागतो.

कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्याही ‘रेरा’ कायद्यात आहे. त्यात बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांची जागा, बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. आतील विभाजक भिंती मात्र धरल्या जातात. विक्रेत्याने हॉलची लांबी-रुंदी आणि घराचे कार्पेट क्षेत्रफळ एका कागदावर लिहून टीपॉयवर ठेवले, तर खरेदीदाराला भासमान आकारावर विसंबून राहावे लागत नाही आणि बोलणी प्रत्यक्ष मापांवर होतात.